धुळ्याच्या जुन्या गल्लीत फ्लॅट आणि ज्येष्ठांची घरे एकाच इमारतीत: तळमजला कसा ठेवावा?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळ्याच्या जुन्या भागात एकमेकांना लागून असलेली तीन घरे उतरवून एकच इमारत बांधायची आहे. रस्त्याकडची रुंदी ६० फूट, खोली १०५ फूट. रस्ता पश्चिमेला, साधारण ३० फुटी. उत्तरेकडच्या घराची भिंत सामाईक आहे, कच्च्या विटांची. आजूबाजूला तळ अधिक एक, कुठे तळ अधिक दोन; जवळपास प्रत्येक घराला ओटा आहे.

मागणी अशी: १४ फ्लॅट कुटुंबांसाठी आणि ८ छोटी घरे फक्त ज्येष्ठांसाठी. ठेकेदाराचे म्हणणे, तळमजला पूर्ण मोकळा ठेवून पार्किंग करा, वर चार मजले चढवा, ज्येष्ठांना मागची शांत बाजू द्या. शेजारच्यांना धास्ती आहे की गल्लीत एकदम खोका उभा राहील. दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर कुठून सुरुवात करावी? मापे, आकडे दिलेत तर फार बरे.

रेखाटन

भाऊ, आधी गणित. ६० गुणिले १०५ म्हणजे ६,३०० चौरस फूट. पुढे-मागे दहा-दहा फूट सोडा, दक्षिणेला गाडीरस्ता आणि रॅम्पसाठी १५ फूट सोडा. उरते ४५ बाय ८५. त्यातून मधल्या चौकाला १४ बाय २८ काढले की एका मजल्याला साधारण ३,४०० हाती लागतात. तळ अधिक तीन धरले तर १३,६००. आता २२ घरे मांडा: ७०० चे १४ आणि ४१० चे ८, झाले १३,०८०. जिना, लिफ्ट, व्हरांडे, भिंती यांचे २५ टक्के धरले की १६,३५०, आणि गाड्या अजून रस्त्यावरच आहेत. म्हणजे ठेकेदाराला पाचवा मजला लागतोय तो या मागणीमुळे. १० फ्लॅट (६२५ चे) आणि ६ ज्येष्ठांची घरे (४१० ची) धरा: ८,७१०, पंचवीस टक्क्यांसह १०,८९०, सामाईक खोली ४३०, झाकलेले पार्किंग १,७००. एकूण १३,०२०. हे तळ अधिक तीनमध्ये बसते आणि वरचा मजला मागे घ्यायलाही वाव राहतो.

हा सगळा हिशेब उत्तरेला भिंतीला भिंत लावता येते, असे धरून केला आहे. दाट वस्तीच्या हद्दीतले सामासिक अंतराचे (इमारतीभोवती सोडायच्या जागेचे) नियम आणि हद्दीबाहेरचे नियम वेगळे असतात. २०२० च्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीतला नेमका कोणता तक्ता तुमच्या जागेला लागतो, ते महापालिकेच्या झोन दाखल्यावरून आधी पक्के करा. त्याआधी एक रेघही ओढू नका.

आता खरा मुद्दा, तळमजल्याचा. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला खानदेशचे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ आखली गेली. त्या सरळ गल्ल्या आजही चालतात, त्या घरांचे तोंड रस्त्याकडे आहे म्हणून. दार, ओटा, खिडकी, आत माणूस. तिथे ६० फूट रुंदीचा खांबांचा अंधार आणला तर इमारत दोन मजल्यांची असली तरी गल्ली तुटते. आणि त्याच खांबांमुळे प्रत्येक म्हातारे माणूस जमिनीपासून एक मजला वर जाते. गल्लीचे नुकसान आणि ज्येष्ठांचे नुकसान, दोन्ही त्या एकाच निर्णयातून होते. तो बदलला की निम्मे काम झाले.

म्हणून रस्त्याकडच्या ४५ फुटांत पार्किंग नको. पुढच्या भागात ज्येष्ठांची दोन घरे आणि मध्ये सामाईक खोली ठेवा. गाड्या मागे. दक्षिणेकडून ११ फुटी एकच फाटक. जास्त फाटके ठेवली तर ओटा तुकड्या-तुकड्यांत जातो. गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा आणि वळायला तेवढीच लांबी मागे लागते, म्हणून मागच्या अर्ध्या भागात सहा-सात गाड्यांवर जाऊ नका. दुचाकी खांबांमधल्या पट्ट्यात. ज्येष्ठांच्या सहा घरांना सहा गाड्या लागत नाहीत, पण रिक्षा दारात येऊन थांबेल एवढी जागा मात्र नक्की लागते.

चौथरा ४५० मिमी हे जुने माप आहे आणि ओट्यावर बसायला ते नेमके आहे. अडचण रस्त्याची आहे. दर काँक्रिटीकरणाला गल्ली वर येते आणि दहा-पंधरा वर्षांत पावसाचे पाणी उंबऱ्याला लागते. चौथरा रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून ६०० मिमी उंच घ्या. ओट्याला रस्त्याच्या बाजूने ४५० मिमी उंचीची, ४०० मिमी रुंद दगडी बैठक द्या आणि ओटा तिच्यामागे ६०० वर. ओट्याची खोली निदान १.५ मीटर हवी. बाज टाकल्यावर शेजारून माणूस गेला पाहिजे. सगळे आपल्या हद्दीत. गटारावर पुढे आलेले जुने ओटे अतिक्रमण हटवताना सगळ्यात आधी जातात.

रॅम्प ओट्यासमोर नको, बैठक मरते. तो दक्षिणेला गाडीरस्त्याच्या कडेने थेट लिफ्टच्या लॉबीपर्यंत न्या. ६०० मिमी चढ १:१५ ने म्हणजे ९ मीटर, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट. एकूण १२ मीटर, रुंदी १.२. १:१२ ही वरची मर्यादा आहे. चाकाच्या खुर्चीवर स्वतःच्या हातांनी जाणाऱ्या सत्तरीच्या माणसाला १:१५ झेपतो. रॅम्प मंजुरीच्या नकाशातच दाखवा, नंतर जागा सापडत नाही.

दर्शनी बाजू: जुनी घरे साधारण २० फुटांची आहेत, तर ६० फूट सलग भिंत उभी करू नका. ४५ फुटांचे दोन भाग पाडा, मध्ये हातभर खाच, प्रत्येकाची कॉर्निस (वरची नक्षीदार पट्टी) वेगळी. तिसरा भाग म्हणजे फाटकावरची दिंडी, गाडीरस्त्यावरची कमान. गल्लीची रेघ तिने सलग राहते. खिडक्या उभ्या, रुंदीच्या दीडपट उंच. मजल्याची उंची ३.१५ मीटर ठेवली तर चार मजले १२.६, चौथऱ्यासह १३.२. तिसरा मजला रस्त्यापासून आठ फूट मागे घेतला की समोरच्या ओट्यावरून त्याचा फक्त कठडा दिसतो. जुन्या घरांतले सागवानी खांब चांगले निघाले तर ओट्याला लावा, खाली दगडी उथळी (बैठकीचा दगड) देऊन. लाकूड थेट काँक्रीटमध्ये गाडले की वाळवीला वाट मिळते.

चौकाबद्दल एवढेच: लहान बाजू उंचीच्या एक तृतीयांशाच्या खाली नेऊ नका. १४ फूट हे त्या हिशेबानेच आहे. तो उत्तरेकडच्या सामाईक भिंतीला लावून ठेवलात तर शेजाऱ्याच्याही चौकाला उजेड राहील.

माती-मुरूम

वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली, आणि ज्येष्ठांच्या इमारतीत तीच आधी बिघडते. काळी माती.

इमारत पायावर स्थिर असते. रॅम्प, फाटकापासूनची फरशी, ओट्यासमोरचे ब्लॉक हे मातीवर असतात. माती पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळून बसते. तीन-चार हंगामांत रॅम्प आणि लॉबीच्या सांध्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा ओठ तयार होतो. धडधाकट माणसाला तो दिसतसुद्धा नाही. वॉकरचे चाक मात्र तिथेच अडते आणि माणूस पुढे पडतो. त्यामुळे रॅम्पची वरची कड प्लिंथ बीमलाच (चौथऱ्याच्या काँक्रीट तुळईलाच) बांधा आणि खालची कड रस्त्याकडे मोकळी ठेवा. हालचाल खालच्या टोकाला जाते, तिथे फरक सहज मिटवता येतो. रॅम्पखालची काळी माती जमेल तेवढी, निदान एक मीटर काढून मुरूम भरा. १५० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. एकदम दोन फूट भरून वरून पाणी मारले तर पहिल्याच पावसाळ्यात बसते.

पाया: मुरूम अडीच-तीन मीटरच्या आत लागला तर फुटिंग थेट त्यावर. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खोल खांब. बल्ब खोडाच्या अडीचपट व्यासाचा आणि हलणाऱ्या थराच्या खाली, म्हणजे पाइल साडेतीन मीटरपेक्षा कमी नको. बाकी लांबी-व्यास स्ट्रक्चरल इंजिनिअर चाचणीच्या अहवालावरून ठरवेल. प्लिंथ बीमखाली ७५ ते १०० मिमी पोकळी सोडा, नाहीतर फुगलेली माती बीम वर ढकलते आणि तळमजल्याच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात.

जुन्या घरांच्या जागेवर आणखी एक धोका असतो: बुजवलेला आड, धान्याचे पेव, शोषखड्डा. बोअर घेऊन हे सापडेलच असे नाही. घरे उतरवल्यावर सगळी जागा दोन फूट खरवडा. मातीचा रंग गोल बदललेला दिसला की तिथे खोदून बघा. आडावर कॉलम आला तर जागा हलवा किंवा आड तळापासून पातळ काँक्रीटने भरा. मुरमाने भरलेला आड कायम बसत राहतो.

सामाईक कच्च्या विटांच्या भिंतीजवळ सलग चर कधीही खणू नका. १.२ ते १.५ मीटरचा तुकडा खणा, काँक्रीट भरा, मध्ये दोन तुकडे सोडून पुढचा घ्या. शेजाऱ्याच्या बाजूनेही भिंतीला आधार लावून घ्या, आणि सुरुवातीलाच दोघांनी मिळून भिंतींचे फोटो, असलेल्या भेगांवर तारखेसह खुणा. हे सगळे दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर जमिनीच्या वर या. पावसाळ्यात उघडा चर आणि मातीची भिंत शेजारी शेजारी ठेवू नका.

पाण्याची टाकी: साधारण ५४ माणसे, दरडोई १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,३०० लिटर. नळ चार दिवसांआड धरला तर जमिनीखाली ३०,००० लिटरची टाकी हवी: ५ बाय ३ बाय २ मीटर पाणी. तिच्या भिंतींबाहेरही मुरूमच भरा, काळी माती भिंतीला बाहेरून आत दाबते. वर गच्चीवर एका दिवसाचे पाणी पुरे.

गल्लीकर

रेखाटन यांचे बाकी पटले, पण ज्येष्ठांना रस्त्यावर ठेवण्याबद्दल शंका आहे. लग्नसराईत आमच्याकडच्या गल्ल्यांतून वरात, डीजे, गणपतीत ढोल. मागे शांतता असते. म्हाताऱ्या माणसाला झोप लागली पाहिजे.

रेखाटन

शंका रास्त आहे. उपाय घराच्या आतल्या रचनेत आहे: बैठकीची खोली रस्त्याकडे, झोपायची खोली चौकाकडे. मध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणी आली की दोन भिंतींचा आडोसा होतो. रस्त्याकडच्या खिडकीला जाड काच आणि चौकटीला रबरी पट्टी द्या, काच कितीही जाड असली तरी आवाज फटीतून येतो.

मागची बाजू शांत असते हे खरे, पण तिथे दिवसभर पार्किंग आणि मागची भिंत याशिवाय डोळ्यांना काही नसते. ओट्यावर बसलेल्या माणसाला भाजीवाला, शाळेची पोरे, पोस्टमन दिसतो, आणि त्यांना तो दिसतो. एखाद्या सकाळी आबा ओट्यावर आले नाहीत तर गल्लीत कुणाच्या तरी लक्षात येते. मागच्या खोलीत दोन दिवस कळत नाही.

आणि सगळी सहा घरे पुढे येतच नाहीत. दोन तळाला, चार पहिल्या मजल्यावर लिफ्टला लागून. ज्यांना खरोखर शांतता हवी त्यांनी वरची घ्यावीत.

पांझराकाठ

१६ घरांवर यायचे ठरतेय, गणित डोक्यात बसले. आता दोन गोष्टी विचारतो. ज्येष्ठांच्या घरातली न्हाणी आणि लिफ्ट, यात लोक नेमके काय चुकतात? आणि पश्चिमेचे तोंड असल्याने उन्हाळ्याचे काय?

सुगम

दादा, न्हाणीपासून सुरू करते, कारण पडझड तिथेच होते.

माप १.८ बाय २.४ मीटर. आत १.५ मीटरचा गोल मोकळा हवा, खुर्ची वळायला. दाराची मोकळी वाट ९०० मिमी, म्हणजे चौकट धरून एक मीटरच्या वर. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते. आत उघडणारे दार ठेवले आणि माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरून उघडत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी.

उंबरा नको. आपल्याकडे न्हाणीला दोन इंच उतार द्यायची सवय आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याऐवजी स्लॅब टाकतानाच न्हाणीचा भाग २०० ते २५० मिमी खाली घ्या, फरशी खोलीच्या पातळीला आणा, उतार १:५० ने दारापासून लांब, आणि आंघोळीच्या कडेला भिंतीच्या रुंदीएवढी लांब जाळी. हा निर्णय सेंटिंगच्या वेळी घ्यावा लागतो. स्लॅब पडल्यावर आठवला तर पायरी अटळ आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून बघा.

धरायच्या दांड्यांबाबत सगळ्यात मोठी चूक भिंतीत होते. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साध्या फिशरवर (प्लास्टिकच्या खुंटीवर) दांडी लावतात. ती रोजच्या धरण्याला टिकते, पण पाय घसरल्यावर सगळे वजन झटक्याने येते आणि दांडी माणसासकट खाली येते. न्हाणीच्या त्या दोन भिंती भाजक्या विटांच्या करा, किंवा ब्लॉकमध्ये ६५० ते ९५० मिमी उंचीच्या दरम्यान काँक्रीटचा पट्टा ओता. दांडी ३२ ते ४० मिमी जाडीची, भिंतीपासून ४० मिमी लांब. जास्त अंतर ठेवले तर मनगट आत अडकते. कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी. नळ सगळे दांडीचे, गोल फिरवायचे नकोत. बोअरच्या जड पाण्याने फिरकीचे नळ वर्षभरात घट्ट होतात. त्याच पाण्याचा पांढरा थर फरशीवर बसून ती गुळगुळीत होते, म्हणून खरबरीत फरशी घेतली तरी आठवड्याला घासावी लागणार, हे गृहीत धरा.

सोलर बंब लावणार असाल तर खबरदारी: मेमध्ये टाकीतले पाणी ७० अंशांच्या पुढे जाते. वयस्कर माणसाची कातडी पातळ आणि हात मागे घ्यायला वेळ लागतो. ज्येष्ठांच्या घरांच्या लाइनवर तापमान बांधणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, ४३ अंशांवर.

लिफ्ट: आठ माणसांची नेहमीची लिफ्ट साधारण १.३ बाय १.१ मीटर असते. त्यात स्ट्रेचर आडवा बसत नाही, माणसाला खुर्चीत बसवून न्यावे लागते, आणि पक्षाघात किंवा खुब्याचे हाड मोडलेले असेल तर ते शक्य नसते. आतली एक बाजू २.१ मीटरच्या वर ठेवा, दार ९००. बटणे ९०० ते १,१०० मिमी उंचीवर, उठावदार आकडे. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरी यंत्रणा घ्या. लिफ्ट आणि न्हाणीतल्या दिव्यांना इन्व्हर्टर किंवा जनरेटर. लिफ्ट चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांचा परवाना लागतो, त्याचा वेळ धरा.

लिफ्ट गच्चीपर्यंत न्या. नकाशातून हेच आधी कापले जाते, खर्च वाचवायला. आपल्याकडे मार्च ते मे गच्चीवर उडदाचे पापड, कुरडया, बिबड्या वाळत असतात, आणि हात कुणाचे असतात? साठीच्या पुढच्या बायकांचे. गच्चीच्या दाराला उंबरा नको, तिथे एक नळ, एक सावलीची बाजू, कठडा १.२ मीटर.

जिना: मजला ३.१५ मीटर, पायरी १५० मिमी उंच, म्हणजे २१ चढ. दहा आणि अकरा असे दोन टप्पे. पायरीची खोली ३०० मिमी, रुंदी १.५ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. चकचकीत ग्रॅनाइटच्या एकरंगी जिन्यात मोतीबिंदूच्या माणसाला कड दिसत नाही.

स्वयंपाकाचा ओटा ८०० मिमी, त्यातला दोन-अडीच फुटांचा तुकडा ७५० वर आणि खाली मोकळा, खुर्चीवर बसून भाकरी थापता येईल असा. बटणे ९०० ते १,००० मिमीवर, सॉकेट ४५० च्या खाली नकोत. पलंगापासून न्हाणीपर्यंत पायाशी रात्रीचा दिवा.

झळ

उन्हाळ्याचे मी सांगतो. पश्चिमेचे तोंड वरच्या मजल्यांना त्रासदायक आहे, तळाला फारसे नाही. समोरची घरे नऊ मीटर उंच धरली, मध्ये नऊ मीटरची गल्ली आणि तुमचे पुढचे तीन मीटर. सूर्य ३७ अंशांच्या खाली गेला की तळमजला समोरच्या घरांच्या सावलीत येतो. मेमध्ये हे साधारण सव्वाचारच्या सुमारास होते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला मात्र सहा-साडेसहापर्यंत ऊन लागते. ज्येष्ठांची घरे खाली ठेवायला हे आणखी एक कारण. ओट्यासमोर दोन कडुनिंब लावले की दुपारही सुसह्य होते. पायापासून जमेल तेवढे लांब लावा, काळ्या मातीत झाड पाणी ओढते तशी जमीन बसते.

पश्चिमेच्या खिडक्यांना आडवा छज्जा काही कामाचा नाही, मावळतीचे ऊन त्याच्या खालून येते. तिथे बाहेरून उघडझाप होणारी लाकडी झडप किंवा जाळीची भिंत हवी. आतला पडदा ऊन घरात आल्यानंतर अडवतो, तोवर काच तापलेली असते. दक्षिणेला उलट: ६०० मिमीचा छज्जा पुरतो. मेमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, खिडकी पूर्ण सावलीत. डिसेंबरमध्ये दुपारी तो ४५ अंशांवर येतो आणि छज्जाखालून ऊन आत शिरते. धुळ्याची थंडी पाच-सहा अंशांपर्यंत जाते, म्हाताऱ्या सांध्यांना ते ऊन हवेच असते. पहिल्या मजल्यावरची चार घरे म्हणूनच दक्षिणेच्या बाजूला ठेवा.

गच्ची: उघड्या १५० मिमी स्लॅबमधून उष्णता उतरण्याचा आकडा (यू-व्हॅल्यू) तीनच्या वर असतो. इको निवास संहितेची, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या केंद्र सरकारी नियमांची, मर्यादा १.२ आहे. नुसत्या वीटकोब्याने तो दोनच्या खाली येत नाही. ५० मिमी एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा कडक फोम), वर कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, एवढे केले की तो ०.५ च्या आसपास येतो. फोम वॉटरप्रूफिंगच्या वर टाका, खाली टाकला तर वॉटरप्रूफिंगचा थर उन्हात राहतो आणि तडकतो.

आणि कूलर! कोणताच आर्किटेक्ट कूलर काढत नाही आणि खानदेशात प्रत्येक घरात तो असतो. पाण्याने भरलेला कूलर ८०-१०० किलोचा होतो. लोक तो खिडकीच्या ग्रिलवर लोखंडी स्टँड टांगून बसवतात. ग्रिल सैल होते, पाणी भिंतीवरून गळून पाच वर्षांत दर्शनी बाजूला हिरवे-काळे पट्टे येतात. मग गल्लीशी मिळतीजुळती केलेली कॉर्निस कुणाला दिसत नाही.

प्रत्येक घराला दक्षिणेच्या किंवा चौकाच्या भिंतीत ७५० मिमी खोल काँक्रीटचा कट्टा द्या, कडेला १०० मिमीची पाळ, १५ मिमीची पाण्याची लाइन आणि त्याला फ्लोट, ३२ मिमीचा निचरा थेट खाली पाइपमध्ये. समोर जाळी, आतून उघडणारे दार, म्हणजे ज्येष्ठांना स्टुलावर चढून पाणी भरावे लागणार नाही. कूलरची हवा आत येते तेवढीच बाहेर जायला समोरच्या भिंतीत तेवढ्याच मापाची झडप ठेवा. ती नसेल तर खोली दमट होते आणि लोक कूलरलाच दोष देतात. कट्ट्याचे तोंड शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीकडे नको, आवाज रात्रभर असतो. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करायची, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

उपविधी

कागदांचे थोडक्यात. जागा ५०० चौरस मीटरच्या वर (तुमची ५८५ भरते) आणि घरे आठपेक्षा जास्त, म्हणजे एकही घर विकायचे असेल तर महारेरा (राज्याचे गृहबांधणी नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. ‘ज्येष्ठांसाठी’ असे जाहिरातीत लिहिणार असाल तर महारेराने मे २०२४ मध्ये ठरवलेल्या किमान गोष्टी बंधनकारक समजा: एकापेक्षा जास्त मजला असेल तर लिफ्ट, ९०० मिमीची दारे, १.५ मीटरचा जिना, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, न्हाणीत दांड्या, न घसरणारी फरशी. वर सुगम यांनी दिलेली मापे त्यात बसतात. ही सगळी वर्णने विक्री करारात लिहून घ्या. नुसत्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

दुसरे: ती सहा घरे पुढे ज्येष्ठांचीच राहावीत असे वाटत असेल तर आधीच करारात आणि सोसायटीच्या उपविधीत वयाची अट, वारसाहक्काने आल्यास काय, भाड्याने द्यायचे तर कुणाला, हे शब्दांत येऊ द्या. पहिला मालक गेल्यावर वाद होतो तो इथेच. सामाईक खोली सोसायटीच्या मालकीची दाखवा, बिल्डरच्या नावावर राहू देऊ नका. तिला स्वतंत्र वीजमीटर आणि शौचालय हवे. दुपारी भजन, सकाळी रक्तदाब तपासणी, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, एवढे तिथे झाले तरी ती रिकामी पडत नाही.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झोन दाखल्याचा अर्ज सोमवारी देतो. उत्तरेच्या शेजाऱ्यांना चौक त्यांच्या भिंतीला लागून ठेवायचे सांगितले, तर ते फोटो-पंचनाम्याला लगेच तयार झाले. रेखाटन, एक राहिले: गाडीरस्त्यावरच्या दिंडीची उंची किती ठेवू?

रेखाटन

खालून ४.२ मीटर मोकळी ठेवा, पाण्याचा टँकर आणि रुग्णवाहिका दोन्ही आत आल्या पाहिजेत. फाटक आत सरकणारे, बाहेर उघडणारे नको. आणि दिंडीखालीच एक बाक ठेवा, रिक्षाची वाट बघायला.